वैशाखातील पाहुणे

चैत्र सरत आला व मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की आमच्या घरी पत्रांचा आणि दूरध्वनींचा ओघ सुरू होतो. पुण्या-मुंबईचे, सांगली-मिरजेचे आप्त विचारतात, "यंदा पन्हाळ्यास केव्हा यावे?" आम्ही गेली कित्येक वर्षे ह्या गडावर बिऱ्हाड करून आहो. पाहुण्यांचा हा राबता आमच्या अंगवळणी पडलेला आहे, आणि खरे सांगावयाचे तर तो आम्हांस हवासाही वाटतो. परंतु ह्या सर्व संभाषणांच्या शेवटी एक वाक्य हटकून येते : "तुमचे बरे आहे, तुमच्याकडे काय, थंड हवा!" ह्याच एका वाक्याविषयी आज वाचकांशी चार गोष्टी बोलाव्या असे मनात आहे. कारण ह्या वाक्यावर विसंबल्यामुळे आमच्या घरी एकदा मोठा अनर्थ होता होता टळला. आणि त्यात अधिक दोष पाहुण्यांचा नसून आमचाच होता.

प्रथम ही थंड हवा किती थंड, ते पाहू. पन्हाळगड समुद्रसपाटीपासून सुमारे 3,100 फूट उंच आहे. कोल्हापूर शहराच्या मानाने तो सुमारे 400 मीटर वर आहे. हजार मीटर वर चढले असता हवेचे तापमान साधारणतः साडेसहा अंशांनी उतरते. ह्या हिशेबाने कोल्हापुरास 39 अंश सेल्सिअस असतील त्या दुपारी गडावर 36 ते 37 अंश असावयाचे. म्हणजे सगळा फरक अडीच अंशांचा! पहाटेचा गारवा, सायंकाळचा वारा, झाडांची दाट सावली, हे सुख गडावर आहे खरे. पण माध्यान्हीचा सूर्य गड आणि गाव असा भेद फारसा करीत नाही. आमच्या हवामान खात्याचाच नियम पाहा ना. उष्णतेची लाट केव्हा म्हणावी, ह्याचा विचार करताना ते खाते मैदानात कमाल तापमान 40 अंश, किनाऱ्यावर 37 अंश, परंतु डोंगराळ भागात 30 अंशच धरते; आणि नेहमीच्या सरासरीहून पारा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक चढला, म्हणजे लाट आली असे समजते. डोंगरावरच्या माणसास उष्णता बाधत नाही असे शास्त्रास वाटत नाही, हे ह्यावरून उघड आहे.

आता ती हकीकत. काही वर्षांपूर्वी वैशाखात आमची मावशी, तिचे यजमान, मुलगा, सून व नातू असे पाचजण मुंबईहून आमच्याकडे उतरले होते. मावशीच्या यजमानांस आम्ही काका म्हणतो. वय चौऱ्याहत्तर, जन्म शिक्षकी पेशात गेलेला, इतिहासाचे मोठे वेड. रक्तदाबाच्या औषधांत लघवी वाढविणारी एक गोळी ते रोज सकाळी घेत. त्या दिवशी एकादशी होती. काकांनी पहाटे एक कपभर चहा व नंतर मूठभर शेंगदाणे एवढ्यावर निभावले होते. अकरा वाजता ते नातवास घेऊन गड दाखवावयास निघाले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी "ऊन फार झाले आहे, चारनंतर जा" असे एकवार सुचविले. त्यावर काका हसून म्हणाले, "अगं, मुंबईच्या घामापुढे हे ऊन म्हणजे काहीच नव्हे. इकडे काय, थंड हवा!" वडील माणसाशी वाद काय घालावयाचा, ह्या भिडेने आम्ही गप्प राहिलो, इतकेच नव्हे तर मोठ्या उत्साहाने बरोबरही निघालो.

तीन दरवाजा झाला, त्याशेजारची अंधारबाव झाली. त्या काळ्या दगडांच्या तीन मजली वास्तूत शिरताच अंगास गारवा लागला. तेथे उभे राहून काकांनी नातवास मोठ्या रसाने समजाविले, की शत्रूने वेढा दिला तरी पाणी हाती राहावे, त्यात कोणी विष कालवू नये, म्हणून विहिरीवर ही एवढी इमारत उभी केली. 1660 सालच्या मार्चात सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि शिवाजी महाराज गडावरून निसटले ते जुलैच्या पावसात. मधला सारा उन्हाळा गडाने साठवणीच्या धान्यावर आणि पाण्यावर काढला, हेही त्यांनी सांगितले. त्या वेळी आम्हां पाचसहा माणसांत मिळून पाण्याची एकही बाटली नव्हती, हे मात्र कोणाच्याच ध्यानात आले नाही!

तेथून उघड्यावरून चालत आम्ही सज्जाकोठीस गेलो. कड्यावरून भरारा वारा येत होता. काकांनी टोपी काढून हातात घेतली. कपाळावर घामाचा थेंब दिसत नव्हता. परत फिरलो तेव्हा एक वाजून गेला होता. अंबारखान्याजवळ येता येता काका एकाएकी खाली बसले. नातवास त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली, "वर्ग सुटला का रे?" असे विचारले. चेहरा लालबुंद, अंग तव्यासारखे तापलेले. आमच्यापैकी एकजण म्हणाला, पित्त झाले असेल; दुसरा म्हणाला, उपासाची भोवळ आहे. कोणी कांदा फोडून नाकाशी धरावा म्हणून धावला, कोणी तोंडात पाणी घालावे म्हणून पेला आणविला. इतक्यात रस्त्याकडेला ताक विकीत बसलेली एक बाई उठून आली, काकांच्या अंगास हात लावून पाहिला आणि ओरडली, "पाजू नगासा! आदी अंगावर वता पाणी!" असे म्हणून तिने आपला पाण्याचा हंडा काकांच्या डोक्यावर व सदऱ्यावर रिता केला, त्यांस ओढून सावलीत घेतले आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घालू लागली. आम्ही पदव्या मिळविलेली माणसे हातात कांदा घेऊन उभे होतो!

पुढे 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आली. वाटेतही ओली फडकी व पंखा चालू राहिला. कोल्हापुरास काका काही दिवस रुग्णालयात होते. मूत्रपिंडास ताण बसला होता, तो हळूहळू ओसरला. डॉक्टर आम्हांस म्हणाले, "पहिल्या अर्ध्या तासात अंग निवविले म्हणून तुमचे काका वाचले." ते वाक्य ऐकताना आम्हांस अंबारखान्याजवळची ती बाईच डोळ्यांपुढे दिसत होती.

हे असे का झाले, हे नंतर डॉक्टरांकडून समजून घेतले ते वाचकांपुढे ठेवतो. शरीर आपली उष्णता मुख्यतः घाम वाळवून टाकते. एक लिटर घाम अंगावरून पुरता वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता तो बरोबर घेऊन जातो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो अंगावरून निथळतो, आणि म्हणून माणसास आपण भिजलो हे कळते, तो पाणी मागतो. डोंगरावरील कोरड्या वाऱ्यात घाम येताक्षणीच वाळून जातो. कपाळ कोरडे राहते, सदरा कोरडा राहतो, आणि आपणांस घाम आलाच नाही असा समज होतो. वस्तुतः अंगातील पाणी नकळत खर्च होत असते. म्हाताऱ्या माणसास तहानही कमी लागते. त्यात उपास आणि लघवी वाढविणारी गोळी! पाण्याचा साठा संपत आला, की त्वचेकडे रक्त कमी जाते, घाम आटतो, आणि मग जी उष्णता बाहेर जावयाची ती आतच साठू लागते. वारा सुखद असतो हे खरे. पण तो तहानेचा इशाराही पुसून टाकतो.

दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्तमानपत्रात छापून येणारे तापमान हे सावलीतील, चहूंकडून वारा खेळेल अशा पेटीत ठेवलेल्या उष्णतामापकाचे असते. उघड्या माळावर, तापलेल्या दगडी तटाशेजारी उभ्या असलेल्या माणसास त्यावर कित्येक अंशांची भर सोसावी लागते. म्हणून नुसता आकडा पाहून निर्धास्त होणे बरे नव्हे. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानावर झाला. लाखो माणसे भर उन्हात बसली होती. त्या दिवशी त्या परिसरातील पारा 38 अंशांच्या आसपास होता. विदर्भाच्या उन्हाळ्यापुढे हा आकडा काहीच नव्हे. तरी उष्माघाताने 14 माणसांचे प्राण गेले. दमट हवा, उघडे आकाश आणि जागचे न हलता येणे ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या, की 38 अंशही प्राणघातक होतात.

उष्माघात एकाएकी कोसळतो असे वाटते; परंतु पुष्कळदा तो आधी दारावर थाप देतो. पोटऱ्यांत वा पोटात पेटके येणे, डोके दुखणे, मळमळणे, भोवळ, फार घाम व गळून गेल्यासारखे वाटणे, ही ती थाप होय. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर त्यास सावलीत आणून निजवावे, पाय किंचित उंच ठेवावे, कपडे सैल करावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि मीठसाखरेचे पाणी घोट घोट द्यावे. हे पाणी घरी करावयाचे झाल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ ह्याहून अधिक नको. अर्ध्या तासात उतार न पडल्यास वैद्यकीय मदत घ्यावी.

परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, तोल जाऊ लागला, झटके आले वा शुद्ध हरपली, आणि अंग चटका बसेल असे तापले असेल, तर तो उष्माघातच समजावा. अंग कोरडेच हवे असा नियम नाही. श्रम करणाऱ्यांस उष्माघातातही घाम असू शकतो. शरीराचे तापमान तेव्हा बहुधा 40 अंशांच्या वर गेलेले असते. अशा वेळी एकाने 108 क्रमांक लावावा व इतरांनी तत्क्षणी अंग निवविण्यास लागावे. अंगावर पाणी ओतावे, ओले फडके गुंडाळून जोराने वारा घालावा, बर्फ मिळाल्यास कापडात गुंडाळून काखेत, जांघेत व मानेशी ठेवावा. रुग्णवाहिकेची वाट पाहत स्वस्थ बसू नये. बेशुद्ध वा अर्धवट शुद्धीतील माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. तापावरच्या गोळ्या येथे निरुपयोगी, कारण हा ताप रोगाचा नव्हे. कांदा हुंगविणे, तळपायास काही चोळणे, ह्या गोष्टींत जी पाच-दहा मिनिटे जातात, तीच मोलाची असतात. आमच्या आजीच्या खिशात उन्हाळाभर कांदा असे, आणि आम्हांस तिच्या आठवणीचा आदरच आहे. पण कांद्याने उष्माघात उतरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

हे झाले संकट आल्यावरचे. ते येऊच नये म्हणून करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. सकाळी नऊपर्यंत व सायंकाळी साडेचारनंतर हिंडावे. मधला वेळ घरात काढावा. गडाचा तट सुमारे सात किलोमीटर आहे, तो एका दुपारी पाहून संपवावा असा कोणाचा हुकूम नाही. पंचाहत्तरीच्या घरातील माणसे, तान्ही मुले, गर्भवती, मधुमेह, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेले ह्यांस अधिक जपावे. रक्तदाबाच्या व मनोविकाराच्या काही औषधांनी उष्णता सोसण्याची शक्ती कमी होते. ती औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, परंतु उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांस विचारून ठेवावे. पाणी व मीठ किती घ्यावे हेही अशा रोग्यांनी त्यांसच विचारावे. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत मुलास "पाच मिनिटे बस" म्हणून ठेवणे तर महापाप होय; दहा मिनिटांत आतील हवा दहा अंशांनी तापते.

उपासाविषयी आमच्यासारख्या घरांतून थोडे स्पष्ट बोलणे अवश्य आहे. व्रताची श्रद्धा आम्ही मानतो. परंतु पाणी, फळे, दूध व औषध ह्यांनी व्रतभंग होत नाही, असे आपल्या धर्मशास्त्रकारांनीच सांगून ठेवले आहे. मग वैशाख-ज्येष्ठात सत्तरीच्या सासूबाईंनी निर्जळी राहावे आणि घरच्यांनी कौतुकाने पाहावे, हे धर्मास धरून आहे काय? अक्षय्य तृतीयेस आपण उदककुंभाचे दान करतो. ज्या धर्माने पाणी देणे पुण्याचे मानले, तो पाणी न पिऊन मरावयास सांगेल असे आम्हांस वाटत नाही.

तशीच स्वयंपाकघराची गोष्ट. पाहुणे गार वाऱ्यास बसतात, आणि गृहिणी भर दुपारी तळणाच्या कढईपुढे दोन-दोन तास उभी असते. ज्योत विझू नये म्हणून पंखाही बंद! घरातील सर्वांत उष्ण जागा तीच, आणि तिची चौकशी सर्वांत कमी. आमच्या घरी त्या प्रसंगानंतर असा नेम केला, की उन्हाळ्यात चूल नऊच्या आत विझावी. दुपारी ताकभात, दडपे पोहे, काकडीची कोशिंबीर, कैरीची डाळ एवढ्यावर भागवावे, आणि आमरस-पुरीचा बेत रात्री करावा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात जे पन्हे आपण वाटीभर देतो, त्यात कैरी, गूळ व मीठ असे सगळेच कामाचे आहे. ते महिनाभर माठाशेजारी का असू नये? पन्हाळ्यास येऊन पन्हे नाही, हे तसेही शोभत नाही!

घराविषयी सांगावयाचे तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापू लागली, की दारे-खिडक्या लावून पडदे सोडावे; सूर्य उतरल्यावर सर्व उघडून वारा खेळू द्यावा. पत्र्याच्या छपराखालच्या व गच्चीखालच्या खोल्या रात्रीही तापलेल्या राहतात. म्हाताऱ्यांचे अंथरूण तेथून खालच्या मजल्यावर आणावे. जाड भिंती, लहान झरोके व पाण्याचे सान्निध्य ह्यांनी काय साधते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने दुपारी अंधारबावीत क्षणभर उभे राहावे.

परंतु दारे लावून घेतल्यावर आपली जबाबदारी संपत नाही. आपल्या दारी भांडी घासणारी बाई येते, गॅसची टाकी खांद्यावर घेऊन माणूस येतो, मागविलेल्या वस्तू पोहोचविणारा मुलगा येतो. पाहुण्यास गुळपाणी देण्याची आपली जुनी चाल. ती ह्या माणसांच्या बाबतीत का सुटावी? पलीकडे जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेस लाखो भाविक जमतात. उंच सासनकाठ्या पेलीत, गुलालात न्हालेली माणसे उन्हात तासन्‌तास नाचतात. त्यांच्या वाटेवर पाणी व सावली असणे ही पूजेचीच बाब मानावी. सार्वजनिक प्रयत्नाने काय होते ह्याचे उदाहरण अहमदाबादचे आहे. तेथे 2010 च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाले असे अभ्यासान्ती दिसून आले. 2013 साली त्या शहराने आगाऊ इशारे, पाण्याची सोय व रुग्णालयांची तयारी ह्यांची रीतसर योजना आखली. पुढे आमच्या मराठी मुलखात नागपूरनेही तोच मार्ग धरला. 2025 साली पन्हाळगडाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले आहे. आता दूरदूरचे पाहुणे येणार. त्यांस गडाचा इतिहास सांगणाऱ्या फलकाशेजारी दुपारच्या उन्हाविषयी दोन ओळी आणि पाण्याचा नळ असावा, ही आमची गडकऱ्यांस व अधिकाऱ्यांस विनंती आहे.

काका त्यानंतरही आमच्याकडे आले. पहाटे सहास नातवाचा हात धरून, डोक्यावर टोपी व खांद्यावर पाण्याची पिशवी घेऊन ते निघत, आणि आठ वाजता ओसरीवर परत येत. पहिल्याच दिवशी ते अंबारखान्याशी त्या ताकवाल्या बाईस भेटून आले. काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही. परंतु दोघांच्या वाट्याचे ताक मात्र नातवाने एकट्याने पिऊन टाकले असे कळले.

आम्हीही एक गोष्ट शिकलो. यजमानाने पाहुण्याच्या कलाने घ्यावे हे खरे. पण वैशाखात अकरा वाजता पाहुण्याने वहाणा पायांत घातल्या, की भीड बाजूस ठेवून दारात आडवे उभे राहावे. तो क्षणभर रुसेल, "तुमच्याकडे काय, थंड हवा" असेही म्हणेल. त्यास आत बसवावे, पन्ह्याचा पेला हातात द्यावा, आणि चार वाजेपर्यंत त्याचा राग सोसावा.